टाकी भरलेली, तरी पंप चालूच: आईच्या कॅल्शियमचं काय करायचं?

पत्र, थोडक्यात

सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांची आई ५८ वर्षांची. गेली तीन-चार वर्षं अंग मोडून येतं, मांड्या भरून येतात, दोनदा मुतखडा झाला. तो पानफुटीची पानं आणि कुळथाच्या कढणावर निभावला. यंदा आषाढात खळ्यातल्या शेवाळावर पाय घसरला आणि नुसता हात टेकल्यावर मनगट मोडलं. मुंबईच्या भावाने आईला नेऊन रक्त तपासून घेतलं. कॅल्शियम १०.९ (प्रयोगशाळेची वरची मर्यादा १०.२), पॅराथायरॉईड हॉर्मोन म्हणजे पीटीएच १४८ (मर्यादा ६५), ‘ड’ जीवनसत्त्व ११, फॉस्फरस २.३, अल्ब्युमिन ४.१, क्रिएटिनिन ०.९. तिथले डॉक्टर म्हणाले, मानेतली एक ग्रंथी वाढली आहे, ऑपरेशन लागेल. गावी परतल्यावर नेहमीच्या डॉक्टरांनी ‘ड’चा आकडा पाहिला आणि सांगितलं, ‘ड’ कमी म्हणून पीटीएच वाढलंय, ऑपरेशनची गरज नाही. ‘ड’ची आठवड्याची पुडी आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याला तीन आठवडे झाले. तालुक्याला मानेची सोनोग्राफी केली, त्यात काही दिसलं नाही. वेंगुर्ल्याच्या मावशीला थायरॉईडच्या ऑपरेशननंतर ‘कॅल्शियमचाच त्रास’ आहे. ती रोज गोळ्या घेऊन ठणठणीत आहे आणि आईलाही त्याच घ्यायला सांगते. भावाला कॅन्सरची धास्ती आहे. आई म्हणते, “माका काय जाला नाय, वयाचा ता. गणपती गेल्याशिवाय मी खंय जावचंय नाय.” ताई विचारतात: खरं कोणाचं मानू? गणपतीपर्यंत थांबलं तर चालेल? आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवू की बंद करू?

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला थांबायला वाव नाही. गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे ‘कॅल्शियमची गोळी’ या एकाच नावाने निरनिराळ्या वस्तू मिळतात. काहींत कॅल्शियमसोबत कोलेकॅल्सिफेरॉल असतं, म्हणजे साधं ‘ड’ जीवनसत्त्व. ते आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाला लागतं. काहींत कॅल्सिट्रिऑल असतं, म्हणजे ‘ड’चं तयार, कार्यक्षम रूप. मूत्रपिंडाने करायचं काम त्यात आधीच झालेलं असतं, आणि ते आतड्याला थेट जास्त कॅल्शियम ओढून घ्यायला लावतं. तुमच्या मावशींसाठी हे मोलाचं औषध असेल. पण तुमच्या आईच्या रक्तात कॅल्शियम आधीच मर्यादेच्या वर आहे. तेव्हा मावशींच्या डब्यातली एकही गोळी आईच्या हातावर पडता कामा नये.

याच आठवड्यात गावच्या डॉक्टरांकडे जा. त्यांना कॅल्शियम १०.९ आणि पीटीएच १४८ हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवा आणि सरळ विचारा, “रक्तात कॅल्शियम जास्त असताना वरून कॅल्शियम द्यायचं का?” मला विचाराल तर आत्ता कॅल्शियमची गोळी थांबवणं रास्त आहे, पण तो निर्णय आईला तपासणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा. ‘ड’च्या पुडीचं वेगळं आहे, त्याकडे नंतर येते. आईला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचंही पाकीट न्या. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे घटक लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात आणि रक्तातला आकडा चढवतात. ती गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. बदलायची असेल तर डॉक्टर बदलून देतील.

आता मुळाशी येऊ. तुमच्या घरात, आणि खरं तर आपल्या साऱ्या किनारपट्टीवर, एक समजूत पक्की बसली आहे: हाडं दुखली, हाड मोडलं, म्हणजे कॅल्शियम कमी. तुमच्या पत्रातले गावचे डॉक्टर आणि मावशी याच पायावर उभे राहून बोलताहेत. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात फिरतं ते अगदी थोडं, पण स्नायू आखडणं, नसांतून निरोप जाणं, हृदयाचा ठोका पडणं हे सगळं त्या थोडक्यावर चालतं. म्हणून शरीर रक्तातली पातळी सांभाळण्यासाठी हाडांची तिजोरी बेलाशक फोडतं. हाडं रिकामी होत असताना रक्त कॅल्शियमने भरलेलं असू शकतं. नेमकं तेच तुमच्या आईचं झालेलं दिसतंय.

ही तिजोरी उघडणारा हात पॅराथायरॉईड ग्रंथींचा. थायरॉईडच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांना चार असतात. नावात थायरॉईड आहे ते केवळ शेजारामुळे, काम पूर्ण निराळं. “आईचा थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला” याने पॅराथायरॉईडबद्दल काहीही कळत नाही. वैद्यकालाही त्या फार उशिरा सापडल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात रिचर्ड ओवेन यांनी अशी ग्रंथी पाहिली होती. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० साली स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रॉम यांनी केलं, तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थीच होते.

कॅल्शियम उतरलं की या ग्रंथी पीटीएच सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडातून वाहून जाणारं अडवतं, आणि मूत्रपिंडाकडून ‘ड’ जीवनसत्त्वाचं कार्यक्षम रूप करवून घेतं, म्हणजे आतडं जेवणातून अधिक कॅल्शियम उचलतं. पातळी भरली की ग्रंथी गप्प बसतात. तुमच्या घरी विहिरीवर पंप आणि माळ्यावर टाकी असेल. टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी उतरलं की पंप सुरू, भरलं की बंद. रक्त ही टाकी धरा आणि ग्रंथी हा पंप.

समजा टाकी रिकामी आहे आणि पंप धडधडतोय. पंप चांगला आहे, विहिरीला पाणी नाही. कॅल्शियम कमी किंवा जेमतेम नॉर्मल आणि पीटीएच जास्त, हे चित्र बहुतेक वेळा ‘ड’च्या कमतरतेचं असतं. “कोकणात उन्हाला काय तोटा?” असं लोक विचारतात. पण चार महिने आभाळ भरलेलं, बाकीचे दिवस बायका घरात, दुकानात, शाळेत. त्वचेवर ऊन पडायला हवं ते पडतं कुठे? मूत्रपिंड निकामी होत असलं तरी असंच दिसतं, फक्त तिथे फॉस्फरस वाढतो आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आधीच सांगून जातं.

टाकी रिकामी आणि पंपही बंद, तर बिघाड पंपात. हे मावशींचं. थायरॉईड काढताना शेजारच्या या इवल्या ग्रंथी दुखावतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, कधी त्या सोबतच निघून येतात. पुष्कळांचं काही आठवड्यांत पूर्ववत होतं, थोड्यांचं कायमचं राहतं. मग बाहेरून कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल देऊन टाकी हाताने भरावी लागते. त्यातही एक मेख आहे. रक्तातलं मॅग्नेशियम फार उतरलं तरी पंप चालत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि दारू जास्त असणाऱ्यांत हे होतं. तिथे मॅग्नेशियम दिल्याशिवाय कॅल्शियम किती ओता, पातळी चढत नाही. मावशींना तोंडाभोवती मुंग्या आल्या, बोटं वळून आखडली, तर त्यांनी वाट पाहू नये, तसंच उठून दवाखाना गाठावा.

टाकी वाहतेय आणि पंप बंद आहे, तेव्हा पाणी तिसरीकडूनच येतंय. माझ्याकडे एक आजोबा आले होते, ओकाऱ्या आणि भ्रम. आठवड्याची ६०,००० एककांची पुडी ते तीन महिने रोज घेत होते. चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला’ घरी कोणी वाचलंच नव्हतं. ‘ड’ चरबीत साठतं, त्यामुळे पुडी बंद केल्यावरही उतरायला आठवडे-महिने लागतात. क्षयरोगात आणि सारकॉइडोसिस नावाच्या, फुप्फुसांत बारीक गाठी करणाऱ्या आजारातही असं होतं, आणि काही कॅन्सरमध्ये.

इथे भावाच्या धास्तीला उत्तर आहे. कॅन्सरमुळे कॅल्शियम चढतं तेव्हा ग्रंथी आपल्या पातळीवर गप्प बसलेल्या असतात, पीटीएच तळाला जातं. आईचं १४८ आहे. तिचं कॅल्शियम तिच्याच ग्रंथीतून वाढलंय, कुठल्यातरी लपलेल्या कॅन्सरमुळे नव्हे. ग्रंथीचा स्वतःचा कॅन्सर शंभरात एकाहूनही कमी जणांत असतो. भावाला हा परिच्छेद वाचून दाखवा.

राहिलं चौथं चित्र. टाकी वाहतेय आणि पंप तरीही चालू. तरंगता गोळा बिघडलाय, ‘भरलं’ हा निरोप पंपाला पोचत नाही. कॅल्शियम जास्त आणि पीटीएचही जास्त. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉईडिझम म्हणतात. बायकांत, विशेषतः पाळी गेल्यावर, पुरुषांच्या तिप्पट-चौपट आढळतो. शंभरातल्या ऐंशी-पंचाऐंशी जणांत चारांपैकी एकाच ग्रंथीत साधी, निरुपद्रवी गाठ असते. फॉस्फरस उतरतो, मुतखडे होतात, मनगटासारखी हाडं कमजोर होतात. ताई, हे तुमच्या आईचं वर्णन आहे.

म्हणजे गावच्या डॉक्टरांचं चुकलं? अर्धंच. ‘ड’ कमी असलं की पीटीएच वाढतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ‘ड’ची कमतरता एकटी असती तर कॅल्शियम कमी असतं किंवा नॉर्मल असतं. जास्त कधीच नसतं. ‘ड’ ११ असताना कॅल्शियम १०.९ येतं, याचा अर्थ कमतरतेने ते खाली ओढलेलं असूनही वर आहे. कमतरता भरून आली की ते आणखी वर दिसू शकतं. आईला एक नाही, दोन गोष्टी झाल्या आहेत, आणि एकीने दुसरीचा चेहरा झाकला आहे. आपल्या देशात असं पुष्कळ दिसतं, कारण ‘ड’ची कमतरता घरोघरी आहे.

त्या डॉक्टरांवर रागावू नका, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मासेविक्री करणारी एक बाई दर दोन महिन्यांनी यायची. पाय ओढत चालायची. मी ‘ड’ पाहिलं, कमी होतं, पुड्या दिल्या. दोन वर्षं दिल्या. कॅल्शियमचा आकडा तिच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर होता, मर्यादेच्या जरासाच वर, आणि मी पान उलटलं नाही. तिचा खुबा मोडला तेव्हा ते पान कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी उलटलं. तेव्हापासून हाडं दुखणाऱ्या माणसाचं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज एकाच कागदावर ओळीने लिहिल्याशिवाय मी पुडीची चिठ्ठी देत नाही. कॅल्शियम वरखाली असेल तर त्याच रक्तातलं पीटीएच मागवते. आज काढलेलं कॅल्शियम आणि महिन्यापूर्वीचं पीटीएच यांची जोडी लावता येत नाही.

अल्ब्युमिन का, तेही सांगते, कारण इतर वाचकांना याचा उपयोग होईल. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. आजारपणाने किंवा कुपोषणाने अल्ब्युमिन उतरलं की रिपोर्टमध्ये कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. ढोबळ हिशेब असा: अल्ब्युमिन ४ पेक्षा जितक्या ग्रॅमने कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवा. अल्ब्युमिन ३ आणि कॅल्शियम ८.२ असेल तर खरं कॅल्शियम साधारण ९ झालं, म्हणजे नॉर्मल. शंका राहिली तर आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मोजतात. तुमच्या आईचं अल्ब्युमिन ४.१ आहे, तिथे काही दुरुस्ती लागत नाही. १०.९ हे १०.९च.

तरीही एका रिपोर्टवर मान कापायला द्यायची नसते. कॅल्शियम आणि पीटीएच पुन्हा एकदा करा. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी कॅल्शियम थोडं वर येतं. पीटीएच नाजूक असतं. रक्त लवकर वेगळं करून थंड ठेवावं लागतं. आपल्याकडचे नमुने मुंबईला किंवा कोल्हापूरला जातात, म्हणून प्रयोगशाळेत विचारा, “नमुना कधी निघतो?” आणि तो निघतो त्याच दिवशी सकाळी रक्त द्या. शनिवारी दुपारी देऊ नका. आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्यांच्यामुळे पीटीएचचा आकडा चुकतो.

दुसरी तपासणी २४ तासांच्या लघवीतल्या कॅल्शियमची. गावात लोक हिला कंटाळतात आणि अर्धवट करतात, मग निकाल निरुपयोगी ठरतो. पद्धत सोपी आहे. प्रयोगशाळेकडून मोठा डबा आणा. सकाळची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिलीसुद्धा. एक जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. डबा सावलीत, थंड जागी ठेवा. ही तपासणी एका जुळ्या भावासारख्या आजाराला वेगळं काढते. काही घराण्यांत कॅल्शियमची पातळी पिढ्यान्‌पिढ्या थोडी चढीच असते, कारण ग्रंथीची कॅल्शियम ओळखणारी यंत्रणाच जन्मतः वेगळी असते. पीटीएच नॉर्मल किंवा जरा जास्त, पण लघवीत कॅल्शियम फारच कमी. त्या माणसांना ऑपरेशनचा काही फायदा नसतो, नाहक मान कापली जाते. आईला दोनदा मुतखडा झालाय, त्यामुळे हे तिचं असण्याचा संभव कमी, पण तपासून मगच पुढे जावं. ‘ड’ फार कमी असलं की लघवीतलं कॅल्शियमही कमी दिसतं, म्हणून तज्ज्ञ कदाचित ‘ड’ थोडं भरल्यावर ही तपासणी पुन्हा सांगतील.

‘ड’च्या पुडीचा प्रश्न राहिला होता. ते भरायला हवंच. ‘ड’ची उणीव तशीच ठेवून ऑपरेशन केलं तर नंतर हाडं भुकेल्यासारखी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात आणि पातळी धोकादायक खाली कोसळू शकते. पण आईच्या बाबतीत ते जपून, थोड्या मात्रेने, मध्ये कॅल्शियम मोजत भरायचं असतं. तीन आठवडे पुड्या झाल्या आहेत, तेव्हा आत्ताच एकदा कॅल्शियम पाहून घेणं योग्य.

सोनोग्राफीत काही दिसलं नाही, म्हणून तुमच्या घरात सुटकेचा श्वास सोडला गेला, असं पत्रावरून वाटलं. मला इथे थोडं कठोर व्हावं लागेल. हा आजार आहे की नाही हे रक्त ठरवतं. सोनोग्राफी, सेस्टामिबी स्कॅन, सीटी या तपासण्या ग्रंथी कुठे आहे हे सर्जनला दाखवण्यासाठी असतात. दिसली नाही, याचा अर्थ नाही असा होत नाही. चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन जहाजाचा कप्तान होता. हाडं इतकी झिजली की उंची काही इंचांनी कमी झाली, मुतखडे झाले. मानेत शोधाशोध करत सहा ऑपरेशनं झाली, गाठ सापडेना. १९३२ साली सातव्या ऑपरेशनमध्ये ती छातीत, उरोस्थीमागे सापडली. तोवर फार उशीर झाला होता, तो काही आठवड्यांतच गेला. आज स्कॅन आहेत, ऑपरेशन चालू असताना पीटीएच उतरलं का ते मोजता येतं, आणि सराव असलेल्या सर्जनच्या हातून शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. सराव हा शब्द महत्त्वाचा. गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर, मुंबई, जिथे जाल तिथे आधी एंडोक्रिनोलॉजिस्टना, म्हणजे हॉर्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञांना भेटा. मग सर्जनना न संकोचता विचारा, “पॅराथायरॉईडची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?” चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

ऑपरेशन प्रत्येकाला लागतं असं नाही. वय जास्त, कॅल्शियम जरासंच वर, हाडं आणि मूत्रपिंड शाबूत असेल तर नुसतं लक्ष ठेवूनही वर्षं काढता येतात. पण वय ५० च्या आत, कॅल्शियम मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त वर, हाडांची घनता फार कमी, किरकोळ पडण्यात हाड मोडलेलं, मुतखडा, मूत्रपिंडाचं काम घटलेलं, यांतलं एक जरी असलं तरी ऑपरेशनकडे कल जातो. आईच्या बाबतीत मुतखडा आणि मनगट ही दोन कारणं आताच आहेत. हाडांच्या घनतेची तपासणी करताना कंबर-खुब्यासोबत न मोडलेल्या हाताचा कोपर ते मनगट हा भागही घ्यायला सांगा. या आजारात तिथलं हाड आधी झिजतं आणि नेहमीच्या तपासणीत ते मोजलंच जात नाही.

आता गणपती. तुमच्या आईला मी समजू शकते. माटवी बांधायची, चाकरमानी यायचे, मोदकांची उकड दुसऱ्या कोणाच्या हातची तिला चालत नसेल. १०.९ हे काही आठवड्यांत जिवावर बेतणारं नाही. पुन्हा केलेलं कॅल्शियम याच्या आसपास असेल, तर गणपती करून जायला माझी हरकत नाही. मात्र तोपर्यंतचे दिवस रिकामे जाऊ नयेत. रक्त, लघवी, गोळ्यांचा निर्णय, तज्ज्ञांची तारीख, सगळं गणपतीआधी. कॅल्शियम १२ च्या वर गेलं, किंवा ओकाऱ्या, सतत तहान आणि लघवी, भलतीच सुस्ती, असंबद्ध बोलणं यांतलं काही दिसलं, तर गणपती कोणाच्या तरी हाती सोपवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि हरतालिका. आई निर्जळी करत असेल तर यंदा नाही. अंगातलं पाणी कमी झालं की कॅल्शियम भराभर चढतं, आणि मूत्रपिंड आधीच खड्यांनी शिणलेलं आहे. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात जायला हवं, जुलाब झाले तर आणखी सांभाळून. उपास करायचा तर पाणी, शहाळं, फळं घेऊन करा. तुम्ही सांगून ऐकणार नसेल तर देवळातल्या भटजींकडून सांगवा. आजाऱ्याने निर्जळी करू नये, हे तेही सांगतील.

जेवणातलं काही तोडू नका. कॅल्शियम जास्त म्हणून नाचणीची भाकरी, दूध, काट्यासकट खाल्ली जाणारी तारली-मांदेली बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. त्याने उलट होतं. जेवणातून कॅल्शियम आलं नाही की ग्रंथी आणखी चेवाने हाडांवर हात घालते. नेहमीचं साधं जेवण चालू ठेवा. कुळथाची पिठी आवडत असेल तर जरूर करा, भातावर तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण पंप चालू असेपर्यंत खडे पुन्हा होत राहतील, हे पानफुटीने किंवा कढणाने थांबणार नाही. आणि ज्यांना मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, त्या प्रत्येकाने एकदा तरी रक्तातलं कॅल्शियम बघून घ्यावं. साधी तपासणी आहे, तालुक्याला होते.

तुम्ही पत्राच्या शेवटी घाईत लिहिलं आहे की आई हल्ली चिडते, विसरते, आणि तुम्ही तिला दोन-चारदा टाकून बोललात. चढलेल्या कॅल्शियमने माणूस थकतो, उदास होतो, विसरतो. ऑपरेशनने हे सगळं जाईल असं वचन मी देणार नाही, काहींचं जातं, काहींचं राहतं. पण ती आळसाने बसून राहत नव्हती, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. “वयाचा ता” असं ती म्हणते, त्याचं एक कारण कदाचित हेच असेल की गेली तीन वर्षं सगळ्यांनी तिला तेच सांगितलं.

आईच्या भावंडांचं आणि तुम्हा दोघांचंही कॅल्शियम एकदा तपासा. घराण्यात कोणाला कमी वयात असा त्रास झाला असेल तर तज्ज्ञांना आवर्जून सांगा. सगळे रिपोर्ट तारखेवार एका फायलीत लावा, मुंबईचे, गावचे आणि सोनोग्राफीचाही. दोन डॉक्टरांचं दोन तोंडी झालं ते पुष्कळसं यामुळे, की दोघांनी एकच कागद पाहिला नव्हता.

आणि आईला मुंबईला नेणार असाल तर गाडीचं तिकीट आजच बघा. गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या परतीच्या गाड्यांना तुमचे सगळे चाकरमानी आधीच नंबर लावून बसलेले असतील.